गावाच्या नोंदींचे कोठार : आराखड्याची संगणक-प्रणाली बसविताना

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ हे गाव आपल्या जागेवरून तसूभरही हललेले नाही. शासकीय कागदपत्रांतून मात्र त्याने बराच प्रवास केलेला आहे. ज्या निलंगा तालुक्यात ते मोडत असे, तो तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेनंतर उदगीर व अहमदपूर या तालुक्यांसमवेत तो मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात समाविष्ट झाला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला आणि १९९९ मध्ये शिरूर अनंतपाळ हाच स्वतंत्र तालुका झाला. पुढे ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. २०२३ मध्ये तर जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नावही धाराशिव असे झाले.

या गावाची पन्नास-साठ वर्षांची लोकसंख्या, पाऊस, पीक, शाळेतील पटसंख्या असे आकडे एका ठिकाणी आणावयाचे झाल्यास ते कोणत्या जिल्ह्याखाली शोधावयाचे? १९८१ च्या जनगणनेच्या पुस्तकात लातूर जिल्हाच नाही. १९९१ च्या पुस्तकात लातूर आहे, परंतु शिरूर अनंतपाळ तालुका नाही. निलंगा तालुक्याचे १९९१ चे व २००१ चे आकडे कोणी जसेच्या तसे शेजारी मांडले, तर मध्यंतरी वेगळी झालेली गावे जणू ओस पडली असा भास होईल. आकडे खरे आणि अनुमान खोटे असा हा प्रकार आहे. तो टाळण्यासाठी संगणकशास्त्रात जी व्यवस्था विकसित झाली, तिला डेटा वेअरहाउस म्हणजे माहितीचे कोठार असे म्हणतात. असे कोठार उभारण्यापूर्वी त्याचा आराखडा काढण्याची संगणक-प्रणाली कशी बसवावी आणि बसविताना कोणते निर्णय घ्यावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खळे आणि बळद

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांमध्ये धान्यासाठी बळद असे. खळ्यावर रोजची मळणी चाले, उपणणी चाले. बळदात मात्र निवडलेले, वाळविलेले धान्य वर्षभरासाठी जाई. कार्यालयातील दैनंदिन नोंदवह्या म्हणजे खळे होत. फेरफार नोंदविला जातो, हजेरी लागते, पावसाची नोंद होते. येथे प्रत्येक क्षणी काही तरी बदलत असते. कोठारात या नोंदींची केवळ प्रत येते, ती निवडून व एकसारखी करून ठेवली जाते, आणि एकदा ठेवलेली नोंद सहसा पुसली जात नाही. चालू नोंदवहीच्या संगणकावर कोठार उभे करू नये, याचे कारण हेच. मोठे तुलनात्मक तक्ते काढताना रोजचे काम खोळंबते आणि चुकून मूळ नोंदीस धक्का लागण्याचा धोकाही राहतो.

ही कल्पना फार जुनी नाही. आयबीएम कंपनीतील बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनी १९८८ मध्ये तिची मांडणी केली. बिल इनमन यांचे या विषयावरील पुस्तक १९९२ मध्ये व राल्फ किंबॉल यांचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. योगायोग असा की, भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र शासनाची प्रायोगिक योजना १९८८-८९ मध्येच देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत आपल्या राज्यातील वर्धा जिल्हा होता. आज सातबारा, आठ-अ व फेरफार संगणकावर आहेत आणि २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाईलवर ई-पीक पाहणी नोंदवीत आहेत. नोंदी संगणकावर आल्या म्हणजे त्या परस्परांशी जुळल्या, असा मात्र याचा अर्थ नव्हे.

प्रणाली बसविणे

आराखडा काढण्याच्या अनेक प्रणाली बाजारात मिळतात व त्यांतील काही बऱ्याच महाग आहेत. तालुका पातळीवरील अभ्यासासाठी, तसेच महाविद्यालयातील शिक्षणासाठी पोस्टग्रेस ही विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे असे आमचे मत आहे. तिचा उगम १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या संशोधनातून झाला. विंडोज संगणकासाठीच्या तिच्या संचातच पीजीॲडमिन हे साधन येते आणि त्यात तक्त्यांचा आराखडा चित्ररूपाने काढण्याची सोय आहे.

संच प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. बसविण्यासाठी संगणकावर प्रशासकाचे अधिकार असावे लागतात. प्रथम कोणते घटक हवेत अशी विचारणा होते. त्यांतील मुख्य प्रणाली, पीजीॲडमिन व आज्ञा देण्याची साधने निवडावीत, स्टॅक बिल्डर सोडून दिला तरी चालते. माहिती साठविण्याची जागा विचारली जाते, तेव्हा विंडोज ज्या कप्प्यात आहे तो टाळून दुसरा कप्पा निवडणे श्रेयस्कर, कारण विंडोज बिघडून पुन्हा बसवावी लागली तर पहिला कप्पाच पुसला जातो. त्यानंतर मुख्य वापरकर्त्याचा परवलीचा शब्द ठरवावा लागतो. हा शब्द एकाच लिपिकाच्या स्मरणात राहतो, त्याची बदली होते आणि कोठार कुलूपबंद होऊन बसते; म्हणून तो मोहोरबंद पाकिटात कार्यालयाच्या तिजोरीत ठेवावा. पोर्टचा क्रमांक ५४३२ असा सुचविला जातो, तो तसाच राहू द्यावा.

यानंतर पीजीॲडमिन उघडून नवा माहितीसंच निर्माण करावा. त्या वेळी अक्षरसंकेतनाच्या रकान्यात यूटीएफ-८ असल्याची खात्री करून घ्यावी. मराठीसाठी ही बाब निर्णायक आहे. खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे एक छोटा तक्ता करून त्यात ‘शिरूर अनंतपाळ’ एवढेच लिहावे व परत वाचून पाहावे. तक्त्यांची व रकान्यांची नावे देवनागरीत देता येतात, परंतु ती रोमन लिपीत ठेवणे सोयीचे. या प्रणालीत नावाची मर्यादा ६३ बाइटांची असून देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. काना, मात्रा, अनुस्वार धरून अवघी २१ चिन्हे हाती राहतात. आतील मजकूर मराठीत असण्यास कोणतीच अडचण नाही.

माहितीसंचात दोन कप्पे करावेत. व्यापाऱ्याची जशी कच्ची वही व पक्की खतावणी, तसाच हा प्रकार आहे. बाहेरून आलेला तक्ता प्रथम कच्च्या कप्प्यात, काहीही न सुधारता ठेवावा. तपासणीनंतरच तो पक्क्या कप्प्यात जाईल. पुढे वाद उत्पन्न झाल्यास मूळ आकडा काय आला होता हे कच्च्या कप्प्यावरून दाखविता येते.

एका ओळीचा अर्थ

येथपर्यंतचे काम एका दुपारचे आहे. खरे काम यापुढे सुरू होते आणि त्यास संगणकापेक्षा महसुली व्यवहाराचे ज्ञान अधिक लागते. किंबॉल यांनी असा प्रश्न विचारावयास सांगितला आहे की, तक्त्यातील एक ओळ नेमकी कशाची नोंद आहे? यासाठी इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, त्याचा अर्थच दाणा असा आहे. कोठारात कोणता दाणा भरावयाचा हे न ठरविता भरणी केली, तर ज्वारी, तूर आणि करडई एकत्र होते.

अतिवृष्टीचे उदाहरण घेऊ. पावसाची नोंद महसूल मंडळाची असते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास त्या मंडळात अतिवृष्टी मानली जाते. म्हणजे येथे एक ओळ म्हणजे एक मंडळ व एक दिवस. पैसेवारी मात्र गावाची असते आणि ती नजरअंदाज, सुधारित व अंतिम अशा टप्प्यांनी जाहीर होते. येथे एक ओळ म्हणजे एक गाव, एक हंगाम व एक टप्पा. नुकसानीचा पंचनामा त्याहूनही खाली, शेतकऱ्याच्या खात्यापर्यंत व गटापर्यंत जातो, कारण ३३ टक्के नुकसानीची अट त्याच्या शेताला लागू होते. एका खात्यात अनेक गट असतात आणि एका गटात अनेक खातेदार असू शकतात. हे तीनही तक्ते एकत्र करून ओळी मोजल्या, तर एकाच मंडळाचा पाऊस गावागणिक व खात्यागणिक पुन्हा पुन्हा मोजला जाईल.

म्हणून आराखड्यात पाऊस, पैसेवारी व नुकसान यांचे तीन स्वतंत्र तक्ते काढावेत. त्यांत केवळ मोजलेले आकडे असावेत. गाव, मंडळ, दिनांक, पीक यांची वर्णने निराळ्या तक्त्यांत ठेवून रेषांनी जोडावीत. मध्ये आकड्यांचा तक्ता आणि सभोवार वर्णनाचे तक्ते अशी जी आकृती तयार होते, तिला ताऱ्याचा आराखडा म्हणतात. पीजीॲडमिनच्या आराखडा-साधनात हे तक्ते चौकटींच्या रूपाने मांडता येतात, एकाचे अनेकांशी असलेले नाते रेषेने दाखविता येते, आणि आकृती पूर्ण झाल्यावर तीवरून तक्ते निर्माण करण्याची आज्ञावली साधन स्वतःच लिहून देते. ती आज्ञावली चालविण्यापूर्वी आकृती कागदावर छापून मंडळ अधिकारी व ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांना दाखवावी. त्यांच्या एका प्रश्नाने अर्धा आराखडा बदलतो आणि तो तसा बदलावा हेच इष्ट होय.

गावाचा तक्ता

सर्वांत नाजूक तक्ता गावाचा. नाव हे गावाची ओळख पटविण्यास अपुरे आहे. शिरूर नावाचा तालुका पुणे जिल्ह्यात आहे, शिरूर कासार बीड जिल्ह्यात आहे, आणि शिरूर ताजबंद तर लातूर जिल्ह्यातच, अहमदपूर तालुक्यात आहे. एखाद्या तक्त्यात नुसते ‘शिरूर’ लिहिले असेल तर संगणकाने काय समजावे? कोणी शिरुर असे ऱ्हस्व लिहितो, कोणी रोमनवरून परत मराठी करताना अनंतपाल करून टाकतो. याच तालुक्यातील गांधीबाबांच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले उजेड हे गाव शासकीय तक्त्यांत हिसामाबाद या नावानेही भेटते. या सर्व रूपांचा एक स्वतंत्र जोडतक्ता करणे अपरिहार्य आहे.

सांकेतिक क्रमांकांवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. जनगणनेत लातूर जिल्ह्याचा क्रमांक २००१ मध्ये २८ होता, तोच २०११ मध्ये ५२४ झाला. म्हणून कोठारातील गावाची किल्ली ही कोणताही अर्थ नसलेली, आपल्या प्रणालीने दिलेली संख्या असावी आणि बाहेरचे सर्व क्रमांक जोडतक्त्यात त्या त्या वर्षासह नोंदवावेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. गावाचा तालुका किंवा जिल्हा बदलला की तक्त्यात काय करावे? जुने पुसून नवे लिहिणे हा एक मार्ग. तो सोपा आहे, परंतु त्यायोगे १९७२ च्या दुष्काळातील नोंदही लातूर जिल्ह्याखाली दिसू लागते. दुसरा मार्ग असा की, जुनी ओळ बंद करून नवी ओळ उघडावी आणि प्रत्येक ओळीत ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे दोन दिनांक ठेवावेत. शिरूर अनंतपाळच्या अशा निरनिराळ्या ओळी होतील : उस्मानाबाद जिल्हा व निलंगा तालुका, लातूर जिल्हा व निलंगा तालुका, लातूर जिल्हा व शिरूर अनंतपाळ तालुका. नगरपंचायत झाल्याची ओळ आणखी निराळी. गावाची कायम किल्ली मात्र या सर्व ओळींत एकच राहील. मग १९८१ चा आकडा त्या वेळच्या हद्दीप्रमाणेही काढता येतो आणि आजच्या तालुक्याच्या हद्दीप्रमाणेही. नावाचा बदल आणि हद्दीचा बदल यांत भेद करावा, एवढे येथे सुचवावेसे वाटते. धाराशिव हे नावाचे परिवर्तन आहे, १९८२ चे विभाजन हे भूमीचे होते.

हा काथ्याकूट कागदी नाही. मंडळांची पुनर्रचना होते, एखादे गाव एका मंडळातून दुसऱ्यात जाते. आराखड्यात दिनांक नसेल तर त्या गावाच्या मागील वर्षांच्या नोंदीस नव्या मंडळाचा पाऊस चिकटतो. प्रत्यक्षात अतिवृष्टी झालेले गाव तक्त्यात कोरडे दिसते, आणि त्या तक्त्यावरून जी टिप्पणी तयार होते, तिच्यापुढे शेतकऱ्याच्या तोंडी सांगण्यास वजन राहत नाही.

भरणी करताना

तक्ते बहुधा एक्सेलमधून येतात व तेथेच काही घोटाळे होतात. गट क्रमांक १२/१ हा इंग्रजी अंकांत लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. आरंभीची शून्ये गळतात. यास्तव असा रकाना आधीच मजकूर या प्रकाराचा करावा. फाइल जतन करताना यूटीएफ-८ असा उल्लेख असलेला सीएसव्ही प्रकारच निवडावा, अन्यथा सर्व मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात. देवनागरी अंकांतील आकडे ही प्रणाली संख्या म्हणून स्वीकारीत नाही, ते आधी इंग्रजी अंकांत आणावे लागतात. युनिकोडपूर्वीच्या फाँटांत टंकलिखित केलेल्या जुन्या फाइलींचे रूपांतर करताना जोडाक्षरे व रफार विशेष तपासावेत.

खातेदाराचे नाव व आधार क्रमांक तालुक्याच्या तुलनात्मक अभ्यासास लागत नाहीत, तेव्हा ते कोठारात आणूच नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे. गावनिहाय बेरीज पुरेशी आहे.

भरणी झाल्यावर प्रत्येक तक्त्याची बेरीज मूळ अहवालाच्या बेरजेशी ताडून पाहावी व पीजीॲडमिनमधून राखीव प्रत काढावी. ती प्रत दुसऱ्या संगणकावर एकदा तरी उघडून पाहिली पाहिजे. न उघडलेली राखीव प्रत अस्तित्वात आहे असे आम्ही मानीत नाही. २०२७ च्या जनगणनेचे नवे सांकेतिक क्रमांक हाती येतील, तेव्हा गावाची किल्ली तशीच ठेवून जोडतक्त्यात प्रत्येक गावासाठी एक ओळ वाढवावी.