तुसाची राख

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यात, सह्याद्रीच्या डोंगरांत, खोडाळा हे गाव वसलेले आहे. पावसाळ्यात या भागात मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु ते पाणी उतारावरून वाहून जाते. चैत्र-वैशाखात झरे आटतात आणि पाड्यांवरील बायकांना हंडाभर पाण्यासाठी दूरवर पायपीट करावी लागते. एवढ्या कष्टाने आणलेले पाणीही कित्येकदा गढूळ असते. त्यातील रोगजंतू तर डोळ्यांना दिसतही नाहीत.

नागली, वरई आणि भात ही येथील मुख्य पिके होत. भात कांडले म्हणजे तांदूळ हाती येतात आणि तूस मागे उरते. 100 किलो भातातून सुमारे 20 किलो तूस निघते व ते जाळले असता सुमारे 4 किलो राख उरते. ही राख मोठी मौजेची आहे. भाताचे रोप मातीतील पाण्याबरोबर सिलिका शोषून घेते आणि दाण्याच्या टरफलात साठविते. सिलिका म्हणजे वाळू ज्या द्रव्याची बनलेली असते, तेच द्रव्य! राखेच्या दहा भागांपैकी जवळजवळ नऊ भाग सिलिकाच असते. या राखेने घासलेली भांडी लखलखतात, ती त्यामुळेच.

वस्तूची आतील घडण कशी आहे आणि त्या घडणीमुळे तिच्या अंगी कोणते गुण येतात, याचा शोध घेणाऱ्या शास्त्रास द्रव्यविज्ञान म्हणतात. सूक्ष्मदर्शकातून पाहता या राखेच्या कणांत असंख्य छिद्रे आढळतात. तूस बेताच्या आचेवर जाळले तर ती टिकतात. आच फार वाढली तर सिलिकेचे स्फटिक बनून छिद्रे बुजतात. भाकरीप्रमाणे येथेही सारे आचेवर अवलंबून!

परंतु चिमूटभर राख करणे निराळे आणि हजारो किलो राख एकसारख्या गुणाची करणे निराळे. भट्टीत हवा किती सोडावी, तूस किती वेगाने घालावे, ही गणिते सोडविणे हे रासायनिक अभियांत्रिकीचे काम होय. मुंबई विद्यापीठाने 1933 साली रासायनिक तंत्रविद्येचा विभाग स्थापन केला. माटुंग्याच्या या संस्थेस 2008 साली स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. भाताच्या पेंढ्यासारख्या टाकाऊ मालापासून इंधन करण्याचे संशोधनही तेथे झाले आहे.

तुसाच्या राखेची पाण्याशी गाठ पडली ती पुण्यात. तेथील टाटा उद्योगसमूहाच्या संशोधनकेंद्रात राख, सिमेंट व खडे यांच्या थरातून पाणी गाळण्याचे ‘सुजल’ नावाचे साधन तयार झाले. त्यात गाळ व पुष्कळसे जंतू अडकत. पण सर्वांचा नायनाट होत नसे. म्हणून पुढे राखेच्या कणांवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसविण्यात आले, कारण चांदी जंतूंना मारक असते. डिसेंबर 2009 मध्ये असे गाळणयंत्र ‘टाटा स्वच्छ’ या नावाने बाजारात आले. त्याची किंमत 1000 रुपयांच्या आत होती. त्यास ना वीज लागे, ना नळ. वरच्या भांड्यात ओतलेले पाणी आपल्याच भाराने राखेतून खाली उतरे. सुमारे 3000 लिटर पाणी गाळून झाले की राखेची कुपी बदलावी लागे. माणशी दररोज 3 लिटर धरले, तर पाच माणसांच्या घरास एक कुपी 200 दिवस पुरे. त्यानंतर नव्या कुपीसाठी पुन्हा पैसे काढावे लागत.