फ्लशची टाकी आणि पाण्याचे बिल

घर घेतल्यावर आपण बरीच कामे हळूहळू शिकतो. थंडीपूर्वी फर्नेसचा फिल्टर बदलणे, पाने गळून गेली की गटर साफ करणे, स्मोक अलार्मची बॅटरी पाहणे वगैरे. संडासाच्या फ्लशच्या टाकीचे झाकण मात्र वर्षानुवर्षे कोणी उचलत नाही. ते उचलले जाते ते पाण्याचे बिल दुप्पट आल्यावर!

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणजे ईपीएच्या माहितीनुसार गळक्या टॉयलेटमधून दिवसाला सुमारे २०० गॅलन, म्हणजे जवळजवळ ७५७ लिटर पाणी वाया जाऊ शकते. पाण्याचे बिल तीन महिन्यांनी येत असेल तर तोवर १८,००० गॅलन गटारात गेलेले असतात. शिवाय पुष्कळ गावांत सांडपाण्याचा आकारही पाण्याच्या वापरावरूनच ठरतो, म्हणजे भुर्दंड दोनदा. घरी सेप्टिक टँक असेल तर हे जादा पाणी त्यावरही भार टाकते.

टाकीत असते काय?

टाकीतले पाणी स्वयंपाकघरातल्या नळाला येते तेच असते, तेव्हा हात घालायला किळस वाटण्याचे कारण नाही. झाकण चिनी मातीचे व जड असते. ते उचलून जमिनीवर टॉवेल पसरून त्यावर आडवे ठेवावे. फुटले तर जोडीचे मिळणे कठीण जाते. आत मुख्य भाग तीन. पाणी भरणारा फिल व्हॉल्व्ह व त्याचा फ्लोट, जादा पाणी वाहून नेणारी उभी ओव्हरफ्लो नळी, आणि तळाशी फ्लॅपर म्हणजे रबरी झडप. बहुतेक वेळा गुन्हेगार हा फ्लॅपरच असतो. रबर जुने झाले की कडक होते, वाकते, आणि झडप नीट बसत नाही.

दहा मिनिटांची परीक्षा

जिलेबीसाठी आणलेला खाण्याचा रंग घरात असतोच. त्याचे थोडे थेंब टाकीत टाका आणि दहा मिनिटे कोणालाही फ्लश करू देऊ नका. नंतर भांड्यात पाहा. रंग उतरला असेल तर टाकी गळते आहे. तपासून झाले की लगेच फ्लश करा, म्हणजे डाग राहणार नाही.

आता गळती कुठली ते पाहा. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडातून आत पडत असेल तर फ्लोट खाली करावा. पाण्याची पातळी नळीच्या तोंडाखाली साधारण एक इंच असावी. पातळी ठीक असूनही रंग उतरत असेल तर दोष फ्लॅपरचा. साखळी फार ताणलेली असली तरी झडप उचललेली राहते, म्हणून ती अर्धा इंचभर सैल ठेवावी. फार लांब असली तर ती झडपेखाली अडकते.

नवा फ्लॅपर हार्डवेअरच्या दुकानात साधारणपणे दहा डॉलरच्या आत मिळतो. तो २ इंची आणि ३ इंची अशा मापांत येतो, म्हणून जुना बरोबर न्यावा. बदलण्यासाठी भिंतीजवळचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद करा, फ्लश करा, साखळी सोडवा, जुनी झडप काढा व नवी बसवा. पान्हासुद्धा लागत नाही. व्हॉल्व्ह घट्ट बसला असेल तर मात्र जोर लावू नये; घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा.

स्वच्छता

पाणी जड असेल तर टाकीत पांढरा क्षार साचतो. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर तांबूस थर बसतो. हा थर झडपेच्या कडेला बसला की नवी झडपही गळते. टाकी रिकामी करून उरलेले पाणी स्पंजने टिपावे, क्षारावर पांढरे व्हिनेगर लावून थोडा वेळ थांबावे आणि नायलॉनच्या ब्रशने घासावे. तारेचा ब्रश नको. झडप बसते ती कड बोटाने चाचपून गुळगुळीत झाली की नाही ते पाहावे. मग पाणी सोडून दोनतीनदा फ्लश करावे. वर्षातून एकदोनदा एवढे पुरे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच नको. दुसरे, टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या वड्या. भांडे स्वच्छ दिसते खरे, पण ते पाणी रात्रंदिवस रबराला लागून राहते आणि झडप लवकर खराब होते. क्लीनर वापरायचा तो भांड्यात वापरावा.

टॉयलेट जुने असेल तर

१ जानेवारी १९९४ पासून घरगुती वापरासाठी बनणाऱ्या नव्या टॉयलेटना एका फ्लशला १.६ गॅलनची मर्यादा आहे. त्यापूर्वीची ३.५ गॅलन किंवा त्याहूनही जास्त पाणी घेतात. निर्मितीची तारीख बहुधा टाकीच्या आत किंवा झाकणाखाली उमटवलेली असते. नवे घ्यायचे झाल्यास वॉटरसेन्सचे लेबल पाहावे; ती १.२८ गॅलन किंवा कमी पाण्यात चालतात. काही गावांत त्यावर रिबेटही मिळतो, चौकशी करून पाहावी.

भारतात जाण्यापूर्वी

सुट्टीत आपण चारसहा आठवडे घर बंद ठेवतो. तेव्हा पासपोर्ट आणि बॅगांच्या यादीत आणखी एक ओळ लिहावी: प्रत्येक टॉयलेटचा व्हॉल्व्ह बंद. तिकडून आलेले आईवडील दिवसभर घरी एकटे असतील तर त्यांनाही हा व्हॉल्व्ह दाखवून ठेवावा. टाकी सारखी भरत असल्याचा आवाज आला तर कोणाची वाट न पाहता त्यांना तो बंद करता येईल.