सुटीतील प्रवास व देखाव्याची चित्रे

देखाव्याचे चित्र काढावयास वर्गात सांगितले की बहुतेक वह्यांतून एकच गाव उमटते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून अर्धा वर आलेला सूर्य, डोंगरातून निघून पानाच्या खालच्या कडेपर्यंत रुंदावत येणारी नदी, काठी एक झोपडी व आकाशात चार पक्षी. हे गाव कोणाचेच नव्हे. लालबाग-परळच्या ज्या मुलांनी ते काढलेले असते, त्यांपैकी कित्येकांचे घर मालवण, कणकवली, संगमेश्वर किंवा पाटण तालुक्यात आहे. दर मे महिन्यात ती तेथे जातात, गडग्यावर बसून फणसाचे गरे खातात, आणि परत आल्यावर पुन्हा तेच दोन डोंगर काढतात. यात हाताचा दोष थोडा; पाहावयाचेच राहून जाते, हा खरा दोष. म्हणून सुटीत आप्तांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता उघड्यावर बसून चित्र काढण्यासंबंधी चार गोष्टी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

बाहेर जाऊन रंगविणे आज सोपे वाटते. पूर्वी तसे नव्हते. तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत व ते लवकर वाळत. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणाऱ्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले, तेव्हा रंग खऱ्या अर्थाने प्रवासास निघाले. आपल्याकडे १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून ही दृष्टी पसरली. तेथे शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरास परतले आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत कोटितीर्थ, रंकाळा व पंचगंगा यांचाच परिसर पुनःपुन्हा रंगवीत राहिले. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर याउलट मुंबईस आले, १९०८ साली त्यांनी येथे स्वतःची कलासंस्था काढली, आणि पारदर्शक जलरंगावर असे प्रभुत्व मिळविले की त्यांचे नाव घेतल्यावाचून मराठी चित्रकलेची गोष्ट पुरी होत नाही. एक घरी परतला, दुसरा घर सोडून आला. परंतु एकच तळे वर्षानुवर्षे रंगविण्याचा आबालालांना कंटाळा आला नाही, ही गोष्ट आम्हांस अधिक बोधप्रद वाटते.

आता प्रवास. दादरहून सावंतवाडीस जाणाऱ्या गाडीत कागदावर कुंचला टेकविण्यात अर्थ नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली. तिच्या मार्गावर बोगदे फार, एकट्या करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. परंतु स्मरणचित्राचा अभ्यास करणाऱ्यास हेच साधन होते. दोन बोगद्यांमध्ये खाडी, माड, एखादी होडी क्षणभर दिसते व अंधार होतो. त्या अंधारात डोळे मिटून विचारावे: पाणी आकाशाहून उजळ होते की काळोखे? होडी काठाच्या अलीकडे की पलीकडे? जे आठवेल ते पेन्सिलीने टपालाच्या कार्डाएवढ्या कागदावर उतरवावे. जे आठवत नाही ते पाहिलेच नव्हते असे समजावे. पुढच्या उजेडात ते पाहता येईल.

घरी पोहोचल्यावर पहिली अडचण उन्हाची. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. म्हणून सकाळी आठाला आरंभिलेल्या चित्रातील सावली नऊ वाजता निराळी असते. नवशिका घर आधी रंगवितो, सावली शेवटी घालतो, आणि झाडाची सावली एकीकडे तर घराची दुसरीकडे अशी विपरीत सृष्टी निर्माण होते. यास्तव बसल्याबरोबर सावल्यांच्या कडा पेन्सिलीने आखून टाकाव्यात; मग त्या कितीही सरकल्या तरी कागदावर सरकवू नयेत. तासाभरात चित्र पुरे होईल एवढाच कागद घ्यावा. भर दुपार वर्ज्य. मेच्या मध्यास तर मुंबईतही सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी लोपते, आणि सावलीवाचून घर पुठ्ठ्याचे दिसू लागते.

रंगांपैकी हिरव्याने विद्यार्थ्यांचा जितका घात केला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही रंगाने केला नसेल. पेटीतील तयार हिरवा झाडांना फासू नये. आंब्याचा हिरवा काळसर, सावलीत निळसर. नवी पालवी मात्र तांबूस. माडाची झावळी उन्हात जवळजवळ पांढरी चमकते. तेथे कागद कोराच सोडावा. पिवळा ऑकर व अल्ट्रामरीन निळा मिसळून जो मळकट हिरवा होतो तोच बहुधा खरा असतो. कोकणाची माती तांबडी हे सर्वांस ठाऊक. पण जांभा ताजा कापलेला असेल तरच तांबडा, जुना गडगा पावसाने व शेवाळाने काळवंडलेला असतो. दूरचा सह्याद्री निळा दिसतो, कारण मधली हवा प्रकाशातील निळा अंश अधिक विखरते. म्हणून तो पाणीदार, फिका रंगवावा. आकाश प्रथम, पाटी किंचित कलती धरून, एका दमात. गणपतीच्या दिवसांत तेथील दमट हवेत हा थर लवकर वाळत नाही. तेव्हा धीर धरावा, फुंकर घालू नये.

याहून कठीण अडचण माणसांची आहे. वर्षाने आलेले नातवंड पाटी घेऊन बाहेर बसले की आजी विचारते, "भेटायला आलास की चित्रं काढायला?" प्रश्न रास्त आहे. यावर आमचे उत्तर असे की चित्रासाठी डोंगरमाथा गाठू नये. खळ्यातूनच दिसेल ते काढावे. मागे आजोबा बसलेले असतात. हा फणस कोणी लावला, विहिरीशेजारची मोडकी भिंत कशाची, हे चित्र काढणाऱ्यास विचारावेच लागते, आणि सांगणाऱ्यास सांगावेसे वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीसंप सुरू झाल्यावर गावी परतलेले कित्येक कामगार आज असेच ओटीवर बसलेले आढळतील. त्यांच्या मागे त्या घरांना कुलूप लागेल किंवा तेथे स्लॅब पडेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. मोबाइलवर छायाचित्र काढता येते हे खरे. परंतु ते निमिषात होते व विचारावयाचे राहते.

ज्यांना गाव नाही त्यांनी खट्टू होऊ नये. परळहून गिरगावास मावशीकडे जाणे हाही प्रवासच. खोताच्या वाडीत लाकडी सज्जे व बाहेरच्या जिन्यांची जुनी ख्रिस्ती घरे अजून उभी आहेत. गल्ली अरुंद, म्हणून ऊन तेथे थोडाच वेळ उतरते. मात्र दारासमोर बसण्यापूर्वी घरच्यांची अनुज्ञा घ्यावी. चौपाटीवर संध्याकाळी सूर्य समोर येऊन डोळे दिपतात. तेथे सकाळीच जावे.

प्रत्येक चित्राच्या पाठीमागे गावाचे नाव, दिवस, वेळ व झाडे कोणी लावली ते लिहावे. दोन काढली असतील तर चांगले असेल ते आजीपाशी ठेवावे. दुसरे शाळा उघडल्यावर चित्रकलेच्या खोलीत आणावे. टाचण्या आमच्याजवळ आहेत.