लिंकन यांच्या पूर्वजांचा शोध

अब्राहम लिंकन यांस आपल्या आजोबांचे नाव चांगले ठाऊक होते. कारण आजोबांचेच नाव त्यांस ठेवलेले होते. पणजोबांविषयी मात्र त्यांनी एवढेच ऐकले होते, की ते पेनसिल्व्हानियातून व्हर्जिनियात आले आणि बहुधा क्वेकर पंथाचे होते. त्यापलीकडे सारा अंधार होता. १८४८ साली लिंकन अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद होते. त्या वर्षी त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील हिंगम या गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांशी याविषयी पत्रव्यवहार केला. दोन्ही घराण्यांत मॉर्डेकाय, अब्राहम अशी तीच ती नावे पुनःपुन्हा आढळत. परंतु नावांच्या सारखेपणावरून नाते सिद्ध होत नाही, हे लिंकन यांच्यासारखा वकील पुरते जाणून होता. त्याच वर्षी व्हर्जिनियातील डेव्हिड लिंकन यांचे पत्र आले. त्यावरून त्यांचे चुलते आणि आपले आजोबा हे एकच, अशी लिंकन यांची खात्री पटली. शोध तेथेच थांबला.

घराण्याची स्मृती इतकी तोकडी का राहिली? याचे कारण १७८६ साली केंटकीच्या एका शेतात घडले. आजोबा अब्राहम हे शेतकरी. व्हर्जिनियाची वस्ती सोडून ते काही वर्षांपूर्वीच कुटुंबासह डोंगरापलीकडील केंटकीच्या अरण्यात आले होते. नवे वसाहतवाले जी जमीन साफ करीत, ती तेथील मूळ निवासी जमातींची शिकारीची भूमी होती. साहजिकच दोहोंत रक्तपात चाले. एके दिवशी आजोबा तीन मुलांसह शेतात काम करीत असता झाडीतून गोळी आली आणि ते जागीच पडले. थोरल्या मॉर्डेकायने घरातून बंदूक आणून धाकट्या थॉमसला वाचविले, असे घराण्यात सांगत. थॉमस तेव्हा आठ वर्षांचा होता. या घटनेचा काळ लिंकन नातू असूनही दोनेक वर्षे आधीचा, म्हणजे १७८४ च्या सुमाराचा, सांगत असत. तोंडी स्मृती अशी फसते.

जमिनीचा वारसा थोरल्या मुलाकडे गेला. पोरक्या थॉमसला शाळा मिळाली नाही. मजुरी करीत तो वाढला आणि मोठेपणीही कशीबशी सही करण्यापलीकडे त्याला लिहिता येत नसे. पूर्वजांच्या गोष्टी सांगणारा बापच लहानपणी गेला, तर मुलाने त्या कोठून ऐकाव्यात?

हा थॉमस म्हणजे लिंकन यांचे वडील. केंटकीत त्यांनी एकामागून एक तीन शेते घेतली. परंतु तेथील मोजणी मोठी विचित्र! अमुक ओकच्या झाडापासून तमुक ओढ्याच्या वळणापर्यंत, अशा खुणांनी शेताच्या सीमा ठरत. झाड पडे, ओढा पात्र बदली आणि एकाच भूमीवर दोन-तीन मालक हक्क सांगत. थॉमस या भांडणांना कंटाळले. शिवाय केंटकीत गुलामगिरी होती. १८१६ च्या डिसेंबरात ते इंडियानात गेले. तेथे सरकारने जमीन आधीच मोजून चौकोनी तुकडे पाडले होते व खरेदीचा हक्क निर्विवाद असे. थॉमस यांनी १६० एकरांची नोंद केली. दर होता एकरी २ डॉलर. १८३० साली हे कुटुंब पुन्हा गाड्या जुंपून इलिनॉयला गेले. तेव्हा अब्राहम २१ वर्षांचे होते.

१८६५ साली लिंकन यांचा खून झाला. त्यानंतर संशोधकांनी हा शोध पुढे नेला. शेतकऱ्याच्या घराण्याची बखर कोणी लिहून ठेवीत नाही. तथापि जमीन घेतली, विकली वा वाटली, की त्याचा कागद सरकारदप्तरी राहतोच. व्हर्जिनियात शेनान्डोआ नदीच्या खोऱ्यात १७६८ साली येऊन राहिलेले जॉन लिंकन हे आजोबांचे वडील होते. पेनसिल्व्हानियात १७३६ साली वारलेल्या एका मॉर्डेकाय लिंकनने मृत्युपत्रात जॉन नावाच्या मुलास न्यू जर्सीतील ३०० एकर जमीन दिलेली आढळली. पुढे ती जमीन विकल्याचा दस्तऐवजही मिळाला आणि तुटलेला दुवा जुळला. मॉर्डेकायचा बाप आणखी एक मॉर्डेकाय, धंद्याने लोहार. आणि त्याचा बाप सॅम्युएल. हा सॅम्युएल इंग्लंडात विणकराच्या हाताखाली उमेदवारी करीत होता. १६३७ साली तो जहाजाने अमेरिकेत उतरला आणि एका नव्या गावी जाऊन राहिला.

ते गाव हिंगम. १८४८ साली लिंकन यांची पत्रे तेथेच गेली होती.