मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, अशी एक जुनी म्हण आहे. तरीही आपले पूर्वज कोण आणि ते कोठून आले, हा प्रश्न मनुष्याला स्वस्थ बसू देत नाही. कित्येकदा तर तो केवळ कुतूहलाचा राहत नाही, मानाचा होऊन बसतो. कोकणातील बेने इस्राएल समाजाला असाच अनुभव आला.

अलिबागजवळ नवगाव हे समुद्रकाठचे गाव आहे. फार प्राचीन काळी पश्चिमेकडून आलेले एक गलबत या किनाऱ्यावर फुटले, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते नवगावात पुरली गेली. वाचलेल्यांजवळ ना धर्मग्रंथ उरला, ना कोणी धर्मगुरू. त्यांच्या वंशजांनी तेलाचा घाणा धरला आणि मराठी भाषा आपलीशी केली. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे. त्यामुळे गावोगावचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता आणि एका प्रार्थनेचे आरंभीचे हिब्रू शब्द ही ठेव त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

दावीद राहाबी नावाचा एक यहुदी प्रवासी त्यांच्याकडे आला, अशीही कथा आहे. हे लोक यहुदी असावेत असे त्याला वाटले. पण खात्री कशी करावी? त्याने नाना जातींचे मासे आणवून स्त्रियांपुढे ठेवले आणि ते रांधावयास सांगितले. स्त्रियांनी पर व खवले नसलेले मासे निमूटपणे बाजूला काढले. यहुदी धर्मशास्त्रात असे मासे निषिद्ध आहेत. राहाबीला उत्तर मिळाले.

कथा ही एक साक्ष झाली. नावे ही दुसरी साक्ष. पेणकर, दिवेकर, केहीमकर ही या समाजातील आडनावे कोकणातील गावांवरून आलेली आहेत. व्यक्तींच्या नावांतही दोन परंपरांचा संगम आढळतो. सामाजी हसाजी दिवेकर यांचे मूळ नाव सॅम्युएल इझिकेल. त्यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. पुढे हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी परिश्रमपूर्वक समाजाचा इतिहास लिहिला. तो १८९७ साली पूर्ण झाला, पण ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास १९३७ साल उजाडले. लेखी पुराव्यांचा माग काढत मागे गेले, तर अठराव्या शतकापलीकडे तो जवळजवळ नाहीसा होतो. तेथून पुढे केवळ स्मृतीचाच आधार राहतो.

हा आधार किती धरावा, हा प्रश्न पुढे फार कठीण झाला. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि या समाजातील हजारो माणसे तिकडे जाऊन राहिली. तेथील धर्मपीठाने १९६२ साली विवाहासंबंधी निर्देश काढले. बेने इस्राएल वधूवरांच्या मातृकुळाची, जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन, चौकशी करावी असे त्यांत होते. ज्यांच्या पूर्वजांनी कोकणात शनिवार पाळला, त्यांच्या लेकींना आता आजी-पणजीचा दाखला द्यावा लागणार होता. समाज दुखावला आणि निषेधासाठी उभा राहिला. अखेर १९६४ साली बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदीच आहेत, अशी घोषणा इस्राएलच्या शासनाने केली, आणि धर्मपीठाने निर्देशांतून त्यांचे नाव काढून टाकले.

त्यानंतर अर्धशतकाने एक नवी साक्ष पुढे आली. आईबापांकडून अपत्यांकडे येणारा जो सूक्ष्म वारसा शरीराच्या पेशींत असतो, त्याला डीएनए म्हणतात. संशोधकांनी १८ बेने इस्राएल व्यक्तींचा डीएनए तपासला. यहुदी, भारतीय व पाकिस्तानी अशा ४१ समूहांतील ४८६ व्यक्तींच्या डीएनएशी तो ताडून पाहिला आणि २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या समाजात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर प्रमाणात आहेत, असे त्यांना आढळले.

हा संगम केव्हा झाला असेल? कोकणातील एखाद्या वाडीची वाटणी मुलांत होते, मुलांच्या वाट्यांची नातवंडांत होते. पिढीगणिक तुकडे लहान होत जातात, आणि त्यांच्या आकारावरून किती वाटण्या झाल्या याचा अदमास बांधता येतो. पूर्वजांकडून आलेल्या डीएनएच्या सलग तुकड्यांचेही तसेच आहे. त्यावरून हा संगम सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे गेल्या हजार वर्षांत झाला, असे अनुमान निघाले. यहुदी वारसा अधिककरून पुरुषांकडून आणि स्थानिक वारसा अधिककरून स्त्रियांकडून आलेला दिसला.

ही साक्ष मोलाची आहे, पण तिलाही मर्यादा आहेत. संगमाचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. गलबत कोणत्या वर्षी फुटले, ते कोणत्या बंदरातून निघाले होते, हे डीएनए सांगत नाही. कथेने श्रद्धा जपली, नावांनी गावे जपली, कागदांनी वर्षे जपली. ज्या कोकणी मातांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत, त्यांची आठवण मात्र लेकरांच्या पेशींनी जपली. प्रत्येक साक्षीला तिच्यापुरतेच विचारावे, हे शोधकाचे पहिले कर्तव्य होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९६४ साली बेने इस्राएलांना मान मिळाला, तेव्हा डीएनएची ही साक्ष कोणाजवळच नव्हती. मूळ सापडेपर्यंत माणसाचा मान अडवून ठेवता येत नाही. दूर देशी गेल्यावरही या लोकांनी मराठीचा धागा तोडला नाही. तेथे त्यांनी एक मराठी नियतकालिक चालविले. त्याचे नाव ‘मायबोली’.

स्वाध्याय

१. ‘शनवार तेली’ हे नाव कशावरून पडले?
२. राहाबीने माशांवरून कोणता निष्कर्ष काढला आणि का?
३. वाडीच्या वाटणीच्या दृष्टान्ताने लेखकाने काय समजावून दिले आहे?
४. ‘मूळ सापडेपर्यंत माणसाचा मान अडवून ठेवता येत नाही.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.