धाकटीशी, उभ्याउभ्या

अगं, काल फोनवर "बसत नाही, उभ्यानंच बोलते" म्हणालीस, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. सहा महिने 'जराशी मूळव्याध' म्हणून रेटलंस. आता डॉक्टरांनी तपासून फिशर सांगितलंय ना? मूळव्याधीत शिरा फुगतात. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या नाजूक त्वचेला पडलेली चीर. आयुर्वेदातलं तिचं नाव 'परिकर्तिका', म्हणजे कातरीनं कापल्यासारखी कळ. ज्यानं नाव ठेवलं, त्यानं ती सोसलेली असणार!

सहा-आठ आठवड्यांत न भरलेली चीर जुनी समजतात. ती भरत का नाही? दुखलं की आतला स्नायू आवळतो, आवळला की तिथं रक्त कमी पोचतं, मग जखम भरत नाही आणि पुन्हा दुखतं. हे चक्र तोडायचं तर स्नायू सैल व्हायला हवा. डिल्टियाझेमचं मलम, इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात बसणं, हे सगळं तू दोन महिने नेमानं केलंस. म्हणून आता प्रश्न आलाय: ऑपरेशन की इंजेक्शन?

ऑपरेशनमध्ये त्या आतल्या स्नायूचा थोडा भाग एका बाजूला कापतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. 100 पैकी 90 हून अधिक जणांची चीर भरते आणि सहसा उलटत नाही. पण कापलेला स्नायू पहिल्यासारखा होत नाही. काहींना नंतर गॅस आवरत नाही, कपड्याला डाग लागतो. पुष्कळांचं ते थांबतं, थोड्यांचं राहून जातं.

इंजेक्शन बोटॉक्सचं, सुरकुत्यांवर देतात तेच. फिशरवर ते 1993 पासून वापरात आहे. कापाकापी नाही, साधारण तीन महिने स्नायू ढिला राहतो, तेवढ्यात चीर भरून यावी हा हिशोब. गॅस सुटायचा त्रास झालाच, तरी औषध उतरलं की तो सहसा जातो. मात्र गुण ऑपरेशनइतका हमखास नाही. चीर पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त, आणि सुई महाग.

तुझ्या भावजींनी ऑपरेशन केलं आणि आठवड्याभरात मांडी घालून जेवायला बसले. पण भावजी बाळंत झाले नव्हते गं! तुझ्या वेळी चिमटा लावला होता, खालपर्यंत टाके पडले होते. बायकांचा हा स्नायू मुळातच आखूड. बाळंतपणात तो आतून दुखावला असेल तर वरून कळतही नाही. त्यात आणखी कापणं जोखमीचं. हे सर्जनना सांगितलंस का? नाही ना? लाजलीस.

मला विचारशील तर तू आधी इंजेक्शन घे. नाही गुण आला, तर ऑपरेशनची वाट मोकळी आहे. कापून झाल्यावर मागे फिरता येत नाही. 'बिना ऑपरेशन शर्तिया इलाज'च्या पाट्यांकडे मात्र फिरकू नकोस. आणि वजन उतरत असेल किंवा रक्त शौचात मिसळून येत असेल, तर आधी तेही सांग.

गुरुवारी मी येते सोबत. बाळंतपणाची फाइल काढून ठेव, आणि स्नायूची सोनोग्राफी करून घ्यावी का, हे तुझ्या तोंडानं विचार. मी नुसती शेजारी बसेन.