कासवाच्या पिल्लाचं घर

अगं, टब केवढा घ्यायचा ते नंतर बघू. आधी ते पिल्लू नीट न्याहाळ. रोवणीच्या चिखलात मुठीएवढा जीव सापडला की त्याला घरी आणावं, छानसं घर करून द्यावं असं वाटणारच. तुझ्या मनात माया आहे, म्हणूनच तुझ्याशी मोकळेपणानं बोलते.

त्याची पाठ कातडीसारखी गुळगुळीत लागते का? नाक नळीसारखं पुढं आलंय? उलटं न करता नुसतं उचलून बघ, खाली मागच्या पायांपाशी मऊ झडपा आहेत? पाय आत ओढले की त्या झडपा मिटतात. असं असेल तर ते आपल्याच चौरास भागातल्या पाण्यातलं कासव आहे. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. बोडी, तलाव, कालवा, धानाची बांधी, सगळीकडे ते राहतं. गोगलगायी, किडे, बेडूक, मासे खातं, मेलेलं जनावरही खातं. पाणी साफ राहतं ते अशांमुळेच.

हे कासव घरात ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं स्टार कासवही २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याच अनुसूचीत आलं. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड. कोणी म्हणेल, ‘एवढंसं पिल्लू, कोण बघतं?’ त्याचं ऐकू नकोस.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी टबात त्याचं भलं होत नाही. कासवाच्या पिल्लाची हाडं नि कवच भरायला कॅल्शियम लागतं आणि ते अंगी लागायला उन्हातले अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात नेमके तेच किरण गाळले जातात. पिल्लू काचेच्या पेटीत दिसायला बरं दिसतं, पण आतून हाडं मऊ पडत जातात. शिवाय हे कासव पुढं फूटभर वाढतं, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात खोल शिरून महिनोन्‌महिने पडून राहतं. तेवढा चिखल घरात कुठून आणशील?

तर आज एवढं कर. जखम नसेल तर ज्या बांधीत सापडलं तिथंच, संध्याकाळी, गवताच्या आडोशाला, नुकतं औषध न फवारलेल्या बाजूला सोड. जखमी असेल तर १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन कर, नाहीतर पवनीच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळव. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे, तिथं अशा प्राण्यांवर उपचार होतात. वनविभागाची माणसं येईपर्यंत पसरट घमेल्यात बोडीचंच पाणी घे, पाठ बुडेल एवढंच. एका बाजूला वीट तिरपी ठेव, म्हणजे त्याला वर चढता येईल. घमेलं सावलीत ठेव आणि कावळ्या-मांजरांपासून वाचवायला वर डालं पालथं घाल. दूध, भात, बिस्कीट काही देऊ नकोस. हाताळलं की साबणानं हात धू. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. लहान मुलं त्यानं आजारी पडत म्हणून अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायलाच बंदी घातली.

आणखी एक, हे कळकळीनं सांगते. त्याचा फोटो स्टेटसला ठेवू नकोस. वीस नखांच्या कासवानं पैशांचा पाऊस पडतो असं सांगून लोकांना नादी लावणाऱ्या टोळ्या आहेत, आणि त्यापायी कासवं मारली जातात. घरात शुभ म्हणून हवं असेल तर पितळेचं कासव आण.

तुझ्या मैत्रिणीकडे डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव आहे म्हणालीस. ते रेड इअर्ड स्लायडर, मूळ अमेरिकेचं. तिनं ते विकत आणलंच आहे, तर आता नीट सांभाळायला सांग. पिल्लाला मोकळं पोहता येईल एवढं पाणी, आणि अंग पूर्ण कोरडं करून बसता येईल असा उंच कट्टा हवा. कट्ट्यावर ऊब देणारा दिवा आणि अतिनील किरणांचा वेगळा दिवा लावावा. हा दुसरा दिवा पेटता दिसला तरी त्याचे किरण कमी होत जातात, म्हणून तो ठरावीक काळानं बदलावा लागतो. पाणी गाळणारं यंत्र हवं, कारण ते पाण्यातच खातं नि पाण्यातच घाण करतं. कासवाचं तयार खाद्य, हिरवा पाला, आणि कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन द्यावं. वैशाखात आपल्याकडचं ऊन जीवघेणं असतं, तेव्हा टब अंगणात उघड्यावर ठेवू नये. आज रुपयाएवढं असलेलं हे कासव पुढं ताटाएवढं होईल आणि वीस-तीस वर्षं जगेल. सांभाळणं जमेना तर वनविभागाला विचारावं, पण बोडीत सोडू नये. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे, कारण ते जिथं जातं तिथल्या कासवांची जागा नि खाणं बळकावतं.

तुला कासवासाठी घर मांडायचंच आहे ना? मग बोडी सांभाळ. आपल्या भागातले तलाव नि बोड्या कोहळी समाजातल्या जाणत्यांनी पाण्याची वाट ओळखून बांधल्या. माणसानं धानासाठी केलेल्या त्या पाण्यातच कासवांचंही घर झालं. औषधाचे डबे त्यात विसळू देऊ नकोस. फाटकी जाळी दिसली की काढून टाक. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, जाळ्यात अडकलं तर ते बुडून मरतं. पाळीवरचं सगळं गवत जाळू नये, थोडी माती मोकळी ठेवावी, तिथंच मादी अंडी घालते.

आणि उन्हाळ्यात गाळ काढायला जेसीबी येईल, तेव्हा कासवं त्या गाळातच निजलेली असतात. दोघी-तिघी मैत्रिणींना घेऊन काठावर उभी राहा. चालवणाऱ्या दादाला आधीच सांगून ठेव, एक कोपरा न उकरता सोडायला सरपंचांना गळ घाल, आणि गाळात कासव दिसलं की त्याच कोपऱ्यात अलगद ठेव. या कामाला टब लागत नाही, दिवा लागत नाही, आणि एका पिल्लाऐवजी सगळ्या बोडीतली कासवं जगतात.